कंपनीचा मेडिक्लेम निवृत्तीनंतरही चालू राहील असं एचआर म्हणतंय. त्यावर विसंबून राहावं का?

तुम्ही लिहिलंय की बाबा मार्चअखेर ५८ पूर्ण करून बडोद्याच्या एका खासगी केमिकल कंपनीतून निवृत्त होणार. एचआरने सांगितलंय, "निवृत्तांचाही मेडिक्लेम चालू राहतो, फक्त प्रीमियम तुम्ही भरायचा." बाबांना आठ वर्षांपासून शुगर आहे, आई ५४ वर्षांची आहे, आजी ७५ ची. मग वेगळी पॉलिसी घेण्यात पैसे कशाला घालायचे, हा तुमचा प्रश्न.

माझं मत: कंपनीच्या विम्यावर विसंबून राहू नका, पण तो सोडूही नका.

मी मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात पर्सनल विभागात नोकरी केली. ग्रुप मेडिक्लेमचं दरवर्षीचं नूतनीकरण माझ्याच टेबलावरून जायचं, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

ग्रुप पॉलिसीचा मालक बाबा नाहीत, कंपनी आहे. मास्टर पॉलिसी कंपनीच्या नावावर असते आणि बाबा तिच्यातले एक सदस्य. करार एका वर्षाचा. वर्ष संपत आलं की ब्रोकर दोन-चार विमा कंपन्यांचे दर आणतो, आणि गेल्या वर्षी भरलेल्या प्रीमियमच्या तुलनेत क्लेम किती गेले यावर नवा दर ठरतो. कामावरच्या तरुण मुलांबरोबर निवृत्त मंडळी एकाच पॉलिसीत असतील तर क्लेमचा आकडा वर जातो. मग बैठकीत पहिली कात्री कुठे लागते? आई-वडिलांवर आणि निवृत्तांवर. कधी २० टक्के को-पे (म्हणजे प्रत्येक क्लेमचा तेवढा वाटा आपण भरायचा) येतो, कधी रूम रेंटला मर्यादा लागते, कधी निवृत्तांची पॉलिसीच वेगळी काढतात. वेगळी काढली की त्या गटात सगळेच वयस्कर, क्लेम जास्त, म्हणून दर वर्षी प्रीमियम चढता. तो परवडेना म्हणून धडधाकट माणसं बाहेर पडतात, आजारी तेवढे उरतात आणि दर आणखी चढतो. यात कुणाची लबाडी नसते, हिशोबच तसा आहे. मात्र एचआरमधल्या मुलीने आज दिलेला शब्द पाच वर्षांनी पाळायला ती तिथे असेलच असं नाही.

कंपनीने हा शब्द किती गंभीरपणे दिलाय ते तपासायची एक सोय आहे आणि ती फारसं कुणी वापरत नाही. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर तिचा वार्षिक अहवाल वेबसाइटवर फुकट मिळतो. त्यात हिशोबाच्या टिपांमध्ये 'एम्प्लॉयी बेनिफिट्स' नावाची टीप शोधा. निवृत्तीनंतरच्या वैद्यकीय खर्चाची जबाबदारी कंपनीने खरोखर अंगावर घेतली असेल, तर हिशोबाच्या नियमांप्रमाणे तिला अॅक्च्युअरीकडून (विमा-पेन्शनचे हिशोब करणाऱ्या तज्ज्ञाकडून) त्या देण्याचं मूल्य काढून घ्यावं लागतं आणि ग्रॅच्युइटीच्या शेजारी 'पोस्ट-रिटायरमेंट मेडिकल बेनिफिट' म्हणून दाखवावं लागतं. तिथे फक्त ग्रॅच्युइटी आणि रजेचे पैसे दिसले, तर निवृत्तांचा मेडिक्लेम ही कंपनीची मेहेरबानी आहे, देणं नाही, असं समजून चाला. प्रीमियम पूर्णपणे तुम्हीच भरणार असाल तर बहुधा हेच दिसेल.

बडोद्यात गोंधळ होतो तो शेजाऱ्यापाजाऱ्यांचं ऐकून, कारण या एका शहरात सगळे प्रकार नांदतात. आमचे यजमान रेल्वेतले. पुरेशी नोकरी झालेली असल्याने निवृत्तीच्या वेळी एकदाच रक्कम भरली आणि आता आम्ही दोघं प्रतापनगरच्या रेल्वे हॉस्पिटलात जातो. तो विमा नाहीच, सरकारची योजना आहे, तिथे प्रीमियम चढण्याचा प्रश्न येत नाही. कोयलीच्या रिफायनरीसारख्या सार्वजनिक कंपन्यांत मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या ३० टक्क्यांपर्यंत निवृत्ती-लाभ देता येतात, त्यात पीएफ, ग्रॅच्युइटी, पेन्शन यांच्याबरोबर निवृत्तीनंतरचा वैद्यकीय लाभही बसतो, म्हणजे त्यासाठी पैसा बाजूला काढलेला असतो. बँकवाल्यांचं आणखी तिसरंच. बँका आणि कर्मचारी संघटनांमधल्या २०१५ च्या दहाव्या द्विपक्षीय करारानंतर बँकांच्या निवृत्तांसाठी सामायिक ग्रुप पॉलिसी आली, अधिकाऱ्यांना ४ लाखांची आणि इतरांना ३ लाखांची, पण प्रीमियम निवृत्त माणसाच्या खिशातून. माझे दीर दर दिवाळीनंतर त्या प्रीमियमच्या आकड्यावर तासभर बोलतात. तुमच्या बाबांची योजना या तिघांपैकी बँकवाल्यांच्या जवळची आहे, रेल्वेच्या नव्हे. तेव्हा "अमक्याला तर सगळं फुकट मिळतं" हे बाजूला ठेवा.

नेटवरच्या लेखांचंही तसंच. तिथे बरीचशी माहिती अमेरिकेची असते. तिथे ६५ नंतर सरकारचं मेडिकेअर असतं, निवृत्तांसाठीचा कंपनीचा विमा त्याच्यामागून उरलेलं बिल पाहतो, आणि वीस किंवा अधिक माणसांच्या कंपनीतून बाहेर पडल्यावर स्वतः पैसे भरून साधारण १८ महिने जुना विमा चालू ठेवायचा हक्क कोब्रा नावाच्या कायद्याने मिळतो. आपल्याकडे असा कायदा नाही.

आपल्याकडे आहे ते मायग्रेशन. ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडताना सदस्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा फॅमिली फ्लोटर (सगळ्या घराला मिळून एकच रक्कम असलेल्या) पॉलिसीत जाता येतं. जुन्या विम्याच्या रकमेपुरती, जितकी वर्षं सलग संरक्षण होतं तितकी वर्षं आधीच्या आजारांच्या वेटिंग पीरियडमधून, म्हणजे त्या आजारांचा क्लेम मिळत नाही त्या सुरुवातीच्या काळातून, वजा होतात. एप्रिल २०२४ पासून हा वेटिंग पीरियड जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे. बाबांना शुगर असल्यामुळे हा मुद्दा त्यांच्यासाठी फार मोलाचा. मात्र ग्रुपमधून येणाऱ्याची विमा कंपनी तपासणी करू शकते, जादा प्रीमियम लावू शकते, नकारही देऊ शकते. म्हणून हे काम मार्चमध्ये नको, निदान दोन महिने आधी लेखी अर्ज द्या. दर वर्षीचं सदस्यत्वाचं सर्टिफिकेट किंवा ई-कार्ड बाबांच्या कंपनीच्या मेलमध्ये पडलेलं असेल. शेवटच्या दिवशी तो मेल बंद होतो, तेव्हा आजच सगळं घरच्या मेलवर घ्या.

मायग्रेशन जमलं नाही, किंवा त्या कंपनीची पॉलिसी पटली नाही, तर दुसरीकडे नवी घ्या. शुगरसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागेल, आणि नेमकं इथेच एचआरने देऊ केलेलं संरक्षण कामाला येतं. ती तीन वर्षं शुगरशी संबंधित काही निघालं तर क्लेम कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत करा. तोवर तुमची स्वतःची पॉलिसी मुरते. दोन पॉलिसी असल्या तर क्लेम कुठल्या पॉलिसीत करायचा ते तुम्ही ठरवता आणि उरलेलं बिल दुसरीकडे मागता येतं. तीन वर्षांनी ग्रुपचा प्रीमियम डोईजड झाला तर खुशाल सोडा. पण आधी सोडू नका, कारण बहुतेक निवृत्त-योजनांत दार एकदाच उघडतं. निवृत्तीच्या वेळी "नको" म्हटलं किंवा एका वर्षाचा हप्ता चुकला की परत घेत नाहीत.

नव्या पॉलिसीच्या फॉर्मवर शुगर लिहा. एजंट म्हणेल, "काका, गोळीवर कंट्रोलमध्ये आहे ना, मग कशाला लिहायचं?" त्याला कमिशन मिळतं आणि क्लेम नाकारला की तो फोन उचलत नाही. सलग साठ महिने पूर्ण झाल्यावर, फसवणूक सिद्ध केल्याशिवाय विमा कंपनीला लपवाछपवीचं कारण देता येत नाही. पण पाच वर्षांच्या आत काही झालं तर सगळंच मुसळ केरात.

आता एचआरला काय विचारायचं. तोंडी नको, मेलवर. सगळ्यांत आधी आईचं विचारा: बाबांनंतर आईचं सदस्यत्व राहतं का? ती चार वर्षांनी लहान आहे, बायका बहुधा जास्त जगतात, आणि कितीतरी खासगी योजनांत सदस्य गेला की त्या पॉलिसी वर्षानंतर पत्नीचं नाव गळतं. माझ्याकडे कागदपत्रं घेऊन येणाऱ्यांत अशाच बायका जास्त असायच्या, आणि साठीनंतर शुगर-बीपीसकट नवी पॉलिसी शोधणं काय असतं ते त्यांनाच ठाऊक. उत्तर "नाही" असेल किंवा गुळमुळीत असेल, तर आईला तुमच्या नव्या पॉलिसीत पहिल्या दिवसापासून घाला, वाट पाहू नका. बाकीचे प्रश्न पटकन संपतात. विम्याची रक्कम नोकरीत होती तेवढीच की कमी? को-पे आहे का? कुठल्या वयापर्यंत? ओपीडीची औषधं मिळतात का? शुगरवाल्याला दर महिन्याचा खर्च तोच असतो, पण बहुतेक ठिकाणी उत्तर नाहीच येतं.

रूम रेंटचं मात्र नीट समजून घ्या, कारण इथे लोक बिलाच्या वेळी चकित होतात. समजा निवृत्तांच्या पॉलिसीची रक्कम ३ लाख आहे आणि खोलीला दिवसाला १ टक्का, म्हणजे ३,००० ची मर्यादा आहे. बाबांना अलकापुरीच्या बाजूला एखाद्या हॉस्पिटलात ६,००० ची खोली घेतली. बिल झालं २ लाख. लोकांना वाटतं, खोलीचा फरक तेवढा आपण देऊ. तसं नसतं. खोली मर्यादेच्या दुप्पट, म्हणून खोलीबरोबर डॉक्टर, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग अशा खोलीच्या दर्जाप्रमाणे बदलणाऱ्या खर्चाचेही अर्धेच पैसे मिळतात. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या यांना ही कात्री लागत नाही. त्या ८० हजारांच्या धरल्या तर उरलेल्या १ लाख २० हजारांचे मिळणार ६० हजार. एकूण मिळाले १ लाख ४० हजार, आणि ६० हजार घरातून. तेव्हा पॉलिसीची रक्कम मोठी आहे यावर खूश होण्याआधी खोलीची अट वाचा, आणि भरती होताना टीपीएच्या (विमा कंपनीच्या वतीने क्लेम पाहणाऱ्या संस्थेच्या) खिडकीवर आधी हेच विचारा.

पैशाचा हिशोब मांडताना जीएसटी विसरू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर आरोग्य विम्यावर जीएसटी शून्य आहे, ग्रुप पॉलिसीवर मात्र १८ टक्के तसाच. म्हणजे एचआरने ३० हजार सांगितले तर "प्लस जीएसटी" आहे का ते विचारा, कारण मग ते ३५,४०० होतात. पूर्वी ग्रुप बहुधा स्वस्त असायचा, आता तुलना करूनच ठरवावं लागतं. मोठ्या रकमेची स्वतंत्र पॉलिसी जड वाटत असेल तर ५ लाखांची मूळ पॉलिसी आणि वर सुपर टॉप-अप (ठरलेल्या मर्यादेच्या वरचं बिल देणारी पॉलिसी) घ्या. नुसता टॉप-अप नको; त्यात मर्यादा प्रत्येक क्लेमला वेगळी मोजतात, सुपर टॉप-अपमध्ये वर्षभराच्या बिलांची बेरीज धरतात.

शेवटच्या दिवसाबद्दल एक. बऱ्याच कंपन्यांत सदस्यत्व पॉलिसी वर्ष संपेपर्यंत नाही, नोकरीच्या शेवटच्या तारखेलाच संपतं. निवृत्तांची पॉलिसी १ एप्रिलला सुरू होते की जूनमधल्या नूतनीकरणाला, हे विचारून घ्या. मधल्या दोन महिन्यांत सलगपणा तुटला तर वर सांगितलेला सगळा फायदा गेला. आणि डॉक्टरांनी मोतीबिंदू वगैरे सांगून ठेवलं असेल तर ते फेब्रुवारीतच उरकून टाका.

आजी कंपनीच्या निवृत्त-योजनेत बसणार नाही हे जवळजवळ नक्की. तिच्यासाठी ७० वर्षांवरच्या सर्वांना मिळणारं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. उत्पन्नाची अट नाही, आधार कार्डावर होतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. सयाजी हॉस्पिटलात चालतं, आणि योजनेतल्या खासगी हॉस्पिटलांची यादी ऑनलाइन आहे. बाबांचा पगार कधी ईएसआयसीच्या (कामगारांच्या सरकारी विमा योजनेच्या) मर्यादेत होता का, हेही पाहा. निवृत्तीपर्यंत विमाधारक असलेल्याला, किमान पाच वर्षं झाली असतील तर, वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि पत्नीसाठी ईएसआयसीचे उपचार घेता येतात. पगार वाढल्यामुळे मधेच बाहेर पडलेल्यांसाठीही २०२४ मध्ये नियम काहीसे सैल केले आहेत, तेव्हा बाबांचा जुना विमा क्रमांक सापडला तर तो घेऊन शाखेत चौकशी करा. केमिकल कंपनीत तीस वर्षं काढलेल्या माणसाकडे तो नंबर कुठल्यातरी जुन्या पे-स्लिपवर असतोच.