मिनेसोटाच्या थंडीत सफरचंदाच्या ठेंगण्या झाडासाठी कोणता खुंट निवडावा?

मिनीॲपोलिसजवळच्या आपल्या परसात हनीक्रिस्प सफरचंदाचे ठेंगणे कलम लावायचे आहे आणि रोपवाटिकेत एम ९, एम २६ व बड ९ या खुंटांवरची (खुंट म्हणजे ज्याच्या मुळांवर कलम बांधतात ते खालचे झाड) कलमे मिळत आहेत, तर त्यांतले कोणते घ्यावे, असे आपण विचारले आहे. मीही याच भागात परसबागेत सफरचंदे वाढवतो. या तिघांत मी बड ९ घ्यावा असे सांगेन, मात्र आपली जमीन कसदार असेल तरच.

हनीक्रिस्प ही मिनेसोटा विद्यापीठाने १९९१ साली प्रसारित केलेली जात असल्यामुळे तिच्या फांद्या इथली थंडी सोसतात. घात होतो तो जमिनीखाली. मुळे फांद्यांइतकी काटक नसतात. एरवी बर्फाच्या थराखाली ती सुरक्षित राहतात, पण ज्या हिवाळ्यात बर्फ पडण्याआधीच कडाक्याची थंडी येते, त्या हिवाळ्यात उघड्या जमिनीतली एम ९ ची मुळे मरू शकतात. अशा झाडाला वसंतात पालवी फुटते, मोहोरही येतो, कारण खोडातला साठा तेवढ्याला पुरतो. पुढे उन्हाळा लागताच पाने एकाएकी माना टाकतात. बुंध्याजवळची साल खरवडून पाहिली, तर वरचा भाग हिरवा आणि जमिनीलगतचा तपकिरी दिसतो. नाशिककडचे द्राक्षबागायतदार क्षार आणि पाण्याचा ताण पाहून डॉगरिजचा खुंट घेतात. इथे तसाच विचार हिवाळ्याचा करावा लागतो.

बड ९ हा रशियातील मिचुरिन्स्क येथे बुदागोव्स्की यांनी एम ८ च्या संकरातून तयार केलेला खुंट असून थंडीला तो एम ९ पेक्षा बराच काटक आहे. त्याची पाने लालसर असतात, त्यामुळे खुंटाला फुटलेले धुमारे चटकन ओळखून काढता येतात. एम २६ थंडीत एम ९ पेक्षा थोडा बरा, पण फायर ब्लाइट या रोगाला दोघेही सहज बळी पडतात.

आता जमिनीविषयी. हनीक्रिस्पची वाढ मुळातच मंद असते आणि हलक्या जमिनीत बड ९ वर ते झाड इतके खुरटते, की फळांचा भार पेलण्याजोगा सांगाडाच तयार होत नाही. आपली जमीन रेताड असेल, तर झाड बरेच मोठे होईल हे मान्य करून बड ११८ शोधावा, किंवा मध्यम उंचीसाठी जिनिव्हा या खुंटांच्या मालिकेतला जी ८९० घ्यावा.

बड ९ ला आयुष्यभर भक्कम खांबाचा आधार द्यावा लागतो. कलमाचा सांधा जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर वर ठेवावा. तो मातीत गेला तर वरच्या जातीलाच मुळे फुटतात आणि ठेंगणेपणा जातो. जुलैनंतर नत्र देऊ नये. कोरडी जमीन अधिक खोलवर गोठते, म्हणून गोठण पडण्यापूर्वी भरपूर पाणी द्यावे आणि मुळांवर आच्छादन पसरावे, पण ते खोडाला टेकू देऊ नये, आणि बर्फाखालून येणारे उंदीर साल कुरतडतात म्हणून बुंध्याभोवती बारीक तारेची जाळी बसवावी.