'कम्युनिटी' म्हणजे समुदाय नव्हे, वस्ती

प्रश्न असा आलाय की अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या निकोडेमसबद्दलचा मजकूर मराठीत आणताना 'अनइन्कॉर्पोरेटेड कम्युनिटी'ला 'असंघटित समुदाय' म्हणावं का, आणि असल्या मजकुरात पोस्ट कधी उघडलं नि कधी बंद झालं हे एवढं आवर्जून का देतात.

'असंघटित समुदाय' कृपया नको. असंघटित म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर बांधकामावरचे मजूर येतात, आणि समुदाय म्हणजे माणसं, जागा नव्हे. इथे म्हणायचंय एवढंच की या ठिकाणाला स्वतःची नगरपालिका नाही. तेव्हा सरळ 'नगरपालिका नसलेली वस्ती' लिहा, आणि कायद्याचा मुद्दा महत्त्वाचा नसेल तिथे नुसतं 'गाव' म्हटलं तरी काही बिघडत नाही.

आता पोस्टाचं. आपल्याकडे पत्त्यात 'मु. पो.' लिहितात ना, मुक्काम पोस्ट, म्हणजे माणूस राहतो तिथेच पोस्ट आहे. माझ्या आजोळच्या वाडीत पोस्ट नव्हतं, त्यामुळे पत्रावर 'मु.'पुढे वाडीचं नाव आणि 'पो.'पुढे शेजारच्या मोठ्या गावाचं, आणि लहानपणी मला याचं फार वाईट वाटायचं की आपलं नाव पोस्टाच्या शिक्क्यावर येत नाही. हा मु. आणि पो. मधला फरक डोक्यात ठेवला की अमेरिकेतली गोष्ट लगेच कळते, कारण नगरपालिकाच नाही म्हटल्यावर वस्तीचं नाव सरकारदरबारी लागायचं ते बऱ्याचदा पोस्टामुळेच, आणि पोस्टमास्तर बहुतेक वेळा दुकानदारच असायचा, त्याच्या दुकानाच्या एका कोपऱ्यात टपाल.

निकोडेमस १८७७ साली वसलं, गुलामगिरीतून सुटलेले कृष्णवर्णीय लोक बरेचसे केंटकीहून आले आणि माळावर लाकूड नाही म्हणून सुरुवातीला जमिनीत खोदलेल्या घरांत राहिले. अशा वस्तीला पोस्ट मिळालं आणि झॅकरी फ्लेचर हा त्यांच्यातलाच माणूस पहिला पोस्टमास्तर झाला. काही वर्षांपूर्वी ज्यांना कायद्याने मालमत्ता मानत होते त्यांचं हे 'मु. पो.', म्हणून ती नोंद मला कोरडी वाटत नाही. पुढे १८८८ मध्ये रेल्वे गावाला वळसा घालून गेली, दुकानं रुळाकडे, आत्ताच्या बोग या गावी हलली, आणि १९५३ मध्ये पोस्टही बंद झालं.

इथे अजून एक सावधगिरी. पोस्ट बंद पडलेल्या वस्त्यांना सरसकट 'घोस्ट टाउन' म्हणतात, आणि त्याचं 'भुताचं गाव' असं भाषांतर मी वाचलंय. आपल्या महसुली कागदात यासाठी नेमका शब्द आहे, बेचिराख गाव, म्हणजे जिथे दिवा लावायला कोणी उरलं नाही ते (चिराग म्हणजे दिवा). पण निकोडेमसला तोही लावू नका, तिथे अजून थोडी घरं नांदती आहेत, १९९६ पासून ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे आणि दर उन्हाळ्यात जुन्या कुटुंबांचे वंशज मुक्तीचा सोहळा साजरा करायला गावी परततात.

तुमचं वाक्य मी असं करीन: 'निकोडेमस ही कॅन्ससमधली नगरपालिका नसलेली ऐतिहासिक वस्ती, येथील पोस्ट १९५३ साली बंद झाले.' आणि पहिल्या पिढीबद्दल लिहिताना वस्तीऐवजी 'वसाहत' घ्या, दुरून ठरवून येऊन वसले हे त्यात येतं.