पुण्यात साल्सा, बॉलरूम असे पार्टनर डान्स शिकणाऱ्या गरजू मुलांना आर्थिक मदत करायची आहे. कोणाला आणि कशी द्यावी?

आईच्या स्मरणार्थ दरवर्षी काही रक्कम काढून नाच शिकणाऱ्या एका होतकरू मुलीला द्यायची, असं तुम्ही लिहिलंय. जरूर द्या. पण एकटीला देऊ नका, ती आणि तिचा नाचातला जोडीदार अशा जोडीला द्या. संस्था, पावती, करसवलत हे सगळं नंतर. आधी हे सांगते, कारण याच मुद्द्यावरून आमच्या घरात जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही.

माझ्या सासऱ्यांच्या नावाचा एक छोटा ट्रस्ट आहे. दर जूनला गरजू मुलांच्या फिया, वह्या, वसतिगृहाचे पैसे असं काम चालतं. धाकटे दीर अध्यक्ष, आणि मी बँकेतली असल्यामुळे हिशेब माझ्याकडे. निवृत्तीनंतर मी कोथरूडला बॉलरूमच्या क्लासला जायला लागले. तिथे एक जोडी पाहिली. मुलगा दांडेकर पुलाजवळचा, दिवसभर पार्सलं पोचवणारा. मुलगी जनता वसाहतीतली, लक्ष्मी रोडवर साड्यांच्या दुकानात कामाला. दुकान बंद झालं की ती यायची, तोही तसाच घामेजलेला यायचा आणि बाकीचे घरी गेल्यावर दोघं चा-चा-चा आणि रुंबा हे जोडीचे नाच घोटत बसायचे. सर त्यांच्याकडून एक पैसा घेत नव्हते. लोकांना वाटतं, फी माफ झाली म्हणजे काम झालं. फी हा सगळ्यात लहान खर्च असतो हो! सरावाला हॉल तासावर घ्यावा लागतो. तळाला स्वेड म्हणजे मऊ खरखरीत चामडं लावलेले बूट लागतात, ते साध्या फरशीवर लवकर झिजतात. स्पर्धेची प्रवेश फी, कपडे, मुंबई-बंगळूरचा प्रवास. आणि ज्याचा हिशेब कोणीच धरत नाही तो खर्च म्हणजे बुडालेला रोज. सरावासाठी तो मुलगा संध्याकाळच्या फेऱ्या सोडायचा, तेवढे पैसे घरात कमी जायचे.

मी हा विषय ट्रस्टच्या बैठकीत मांडला. भाऊजी म्हणाले, "वहिनी, हा हॉटेलातला नाच. याला आबांचे पैसे द्यायचे?" त्यांच्या स्वतःच्या मुलीचं अरंगेत्रम, म्हणजे भरतनाट्यमचा पहिला जाहीर कार्यक्रम, भरत नाट्य मंदिरात झालं होतं. तेव्हा वादकांच्या मानधनापासून जेवणापर्यंत सगळ्या घरानं हात लावला होता आणि मी आनंदानं लावला होता. मी तेच बोलून दाखवलं. त्यावर उत्तर आलं, ते शास्त्रीय आहे. मी म्हटलं, रोहिणीताई भाटे यांनी १९४७ साली पुण्यात नृत्यभारती सुरू केली तेव्हा चांगल्या घरातल्या मुलींनी कथक नाचावं का, हाच प्रश्न विचारणारे लोक याच शहरात होते. आज त्याच घरांतल्या आज्या नातींना क्लासला सोडायला जातात. बाहेरून आलेल्या नाचालाही थोडा वेळ द्या की. मुलगा आणि मुलगी हात धरून नाचतात, हे खरं दुखणं होतं. ते तोंडानं कोणी बोललं नाही एवढंच.

शेवटी तडजोड निघाली. ट्रस्टमध्ये मुलींच्या शिक्षणासाठी वेगळी रक्कम असते, त्यातून मुलीला मदत. मुलाला काही नाही. "तो कमावतोय ना". मी बैठकीतच सांगितलं की बैलजोडीतल्या एकाच बैलाला पेंड घालून नांगर चालत नाही. ऐकलं नाही कोणी.

पुढे व्हायचं तेच झालं. मुलीला बूट आले, कपडे आले, हॉलच्या भाड्यातला तिचा निम्मा वाटा आला. उरलेला निम्मा भरायला मुलानं रात्रीची गोदामातली पाळी धरली. सरावाला तो येईनासा झाला, आला तरी डोळे मिटायला लागलेले. ती एकटी आरशासमोर रुंब्याची पावलं टाकत उभी. एकटीनं पावलं पक्की होतात, मान्य. पण रुंब्यात मुलगी एका पायावर सगळा भार घेऊन थांबते, तेव्हा तिचं वजन नेमकं कुठे आहे हे मुलाला हातातून कळावं लागतं, आणि वळवायची वेळ त्यानं तिथेच पकडायची असते. हे महिनोन्‌महिने त्याच माणसाबरोबर केल्याशिवाय अंगात येत नाही. स्पर्धेत ओळखीचा नंबर दोघांना मिळून एकच असतो, तो मुलाच्या पाठीवर लावतात, आणि परीक्षक जोडीला मिळून जोखतात. इंग्लंडमध्ये ब्लॅकपूलला १९२० साली सुरू झालेला नृत्यमहोत्सव घ्या किंवा आपल्याकडची छोटी स्पर्धा घ्या, जोडीच्या गटात अर्धी जोडी उतरत नाही. आणि ट्रस्टच्या वार्षिक अहवालात काय छापलं? "नृत्यासाठी साहाय्य, लाभार्थी एक."

मी विश्वस्तपद सोडलं. त्या दोघांच्या हॉलचं भाडं आणि मुलाच्या बुडणाऱ्या रोजाचा काही भाग पेन्शनमधून द्यायला लागले. मुलीच्या वडिलांना जाऊन भेटले, सराव दाखवायला हॉलवर घेऊन आले. ते कोपऱ्यात खुर्ची टाकून पूर्ण वेळ बसले आणि जाताना मुलाला म्हणाले, "उद्या वेळेवर ये." पुढे मुंबईच्या एका स्पर्धेत ही जोडी अंतिम फेरीत गेली. आज दोघं लग्नाच्या संगीताची कोरिओग्राफी करून आणि लहान मुलांचे वर्ग घेऊन पोट भरतात. भाऊजी म्हणतात, शेवटी लग्नातच नाचवतात ना. मला त्याचा अभिमान आहे. ट्रस्टनं इंजिनियर केलेली मुलं नोकरीच करतात, त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

तुम्ही परदेशातल्या शिष्यवृत्त्यांसारखं काही करता येईल का, असंही विचारलंय. लिंडी हॉप या अमेरिकन जोडीच्या नाचात फ्रँकी मॅनिंग या नामवंत नर्तकाच्या नावाचं फाउंडेशन आहे, ते नाचणाऱ्यांना स्वीडनच्या हेरँग नृत्यशिबिराला जायला मदत करतं. ते एकेकट्याला दिलं तरी चालतं, कारण लिंडी हा मुळात सोशल नाच, म्हणजे स्पर्धेसाठी नाही तर मौजेसाठी जमून नाचायचा. न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये तो वाढला, तिथे लोक दर गाण्याला जोडीदार बदलत. आपल्याकडच्या साल्सा, बचाटाच्या सोशलमध्येही तसंच असतं. तेव्हा तुम्ही मदत करणार ती मुलगी फक्त सोशल नाचणार असेल, तर तिच्या एकटीच्या वर्कशॉपचे पैसे भरलेत तरी हरकत नाही. स्पर्धेला उतरणार असेल तर नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, १८ ते २५ वयोगटाला, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. पण ती शास्त्रीय नृत्य, लोककला, नाटक अशा क्षेत्रांसाठी. साल्सा, चा-चा-चा त्यात बसत नाही. पुण्यात शिक्षणाला मदत करणाऱ्या संस्थांची परंपरा मोठी आहे. १९०९ च्या अनाथ विद्यार्थी गृहापासून कितीतरी पिढ्या इथे दुसऱ्याच्या घरी वार लावून जेवून शिकल्या. या शहराला द्यायचं कसं ते शिकवावं लागत नाही. नाचाला द्यायचं म्हटलं की मात्र हात आखडतो. म्हणून माझं स्पष्ट मत, सध्या तरी थेट द्या. करसवलत हवी असेल तर देणगीवरच्या करसवलतीची (८०जी म्हणतात ती) नोंदणी असलेल्या संस्थेमार्फतच द्यावं लागेल, परस्पर व्यक्तीला दिलेल्या पैशावर ती मिळत नाही. नवीन करप्रणाली घेतली असेल तर तसाही फायदा नाही, मग सवलतीपायी कोणाच्या बैठकीत जाऊन विनवण्या कशाला करायच्या?

काही गोष्टी राहिल्या. मी हे एकाच जोडीवरून बोलतेय, आणि ती जोडी कष्टाळू होती. जोड्या फुटतात. भाऊजींनी "उद्या भांडले तर?" विचारलं होतं, तो प्रश्न चुकीचा नव्हता. दोघांना आधीच सांगून ठेवा की जोडी मोडली तरी नवा जोडीदार मिळेपर्यंत काही महिने मदत चालू राहील, म्हणजे पैशासाठी कोणी नको त्या माणसाबरोबर नाचत राहणार नाही, विशेषतः मुलगी. मुलं अठराच्या आतली असतील तर आईवडिलांशी बोलल्याशिवाय काहीच करू नका. एकरकमी मोठं पॅकेज विकणाऱ्या क्लासला पैसे देऊ नका. तुम्ही पैसे देता म्हणून कोणाबरोबर नाचायचं, कोणती स्पर्धा करायची यात लक्ष घालू नका, ते सरांचं काम.

बुटांचे पैसे दुकानात भरा, हॉलचं भाडं महिन्याच्या महिन्याला हॉलवाल्याला ऑनलाइन पाठवा, आणि बुडालेल्या रोजाचे पैसे ज्याचे त्याच्या खात्यावर. भाड्याच्या पावतीवर दोघांची नावं घालायला सांगा.