गावात राहून घरून काम करायचं आहे. ‘अनलिमिटेड’ प्लॅनचं नेट पुरेल का?

‘नाही पुरलं तर कंपनी बदलू,’ असं प्रश्नात लिहिलंय तुम्ही, म्हणून उत्तर द्यायला बसले. बदलून जाणार कुठे? यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात घरापर्यंत फायबर देणारा एकच. 2011 ला मंजूर झालेली सरकारी फायबरची योजना, आताचं भारतनेट, मुळात ग्रामपंचायतीपर्यंतच होती. पुढे घरापर्यंत कोणी आणायची? ज्याला धंदा दिसेल त्याने. दीड-दोनशे घरांत दोघांना धंदा दिसत नाही.

मी घरी बसून विम्याच्या क्लेमचे कागद तपासते, स्कॅन केलेल्या जड फाइली चढवाव्या लागतात. दिवाळीत पुण्याहून दीर सहकुटुंब आले. पाडव्याला सकाळी लॅपटॉप उघडते तर फाइल चढेचना, नुसतं गोल फिरतंय. लिमिट संपलेलं, महिना मात्र अर्धा बाकी. भाऊजी चहा पिता पिता म्हणाले, “वहिनी, गावातले लोकं दिवसभर रील पाहून राहिले, मंग नेट पुरन कसं?” मी काही बोलले नाही. कंपनीचं ॲप उघडून मोबाइल त्यांच्यापुढे धरला. रोजच्या वापराच्या बुटक्या रेघा, आणि नरकचतुर्दशीच्या रात्री एकच रेघ पार वरपर्यंत. त्यांच्या चिरंजीवांनी रात्रभर गेम उतरवायला लावले होते. सासूबाई म्हणाल्या, “असू दे वं, लेकरू आहे.” मग भाऊजींनी स्वतः कस्टमर केअरला फोन लावला, रेंजसाठी गच्चीवर जाऊन. बराच वेळ हुज्जत घालून खाली आले आणि म्हणाले, टॉप-अप मार. ते तर मलाही माहीत होतं. पैसे मीच भरले.

तर तुमच्या प्रश्नाचं. अनलिमिटेड म्हणजे नेट बंद पडत नाही, एवढंच. अटींमध्ये जीबीचा आकडा असतो. तो किती आणि तो संपल्यावर स्पीड किती, हे दोन्ही आधी विचारा. केबलवाला फक्त जीबीचा आकडा सांगेल. आमचा स्पीड 2 एमबीपीएसवर येतो, म्हणजे घरात दुसऱ्या कोणी मोबाइल जोडलेला नसला तरी तासाला जेमतेम 900 एमबी. आणि 2023 पासून सरकारी व्याख्येत 2 एमबीपीएसलाही ब्रॉडबँडच म्हणतात, त्यामुळे भांडायलाही जागा नाही. चढवलेला डेटाही बहुतेक प्लॅनमध्ये लिमिटातच धरतात.

सोबतीला मोबाइलचा रोज दीड जीबीवाला पॅक ठेवा, पण त्यावर विसंबू नका. तो संपला की 64 केबीपीएस उरतात. चार एमबीची पीडीएफ उतरायला आठ मिनिटं. 28 दिवसांच्या हिशोबाने वर्षाला तेरा रिचार्ज होतात, तेही धरा. राउटरला छोटा यूपीएस लावाच, लाइटचा भरवसा नाही.

तुमचं गाव नागपूर-वर्धा रोडला लागून असेल तर दोन-तीन कंपन्या मिळतील, 5जी टॉवर जवळ असेल तर एअरफायबरही, म्हणजे टॉवरवरून बिनतारी येणारं घरचं नेट, मिळेल. मग माझं अर्धं उत्तर सोडून द्या. मेळघाटाच्या आतल्या बाजूला असाल तर आधी रेंज पाहा, नोकरीला हो नंतर म्हणा.

आणि राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय करता येतं, स्पीड बांधून. ते पहिल्याच दिवशी करून घ्या. घरचा पासवर्ड दिवाळीत कोणालाही देऊ नका, सख्ख्या दिराला तर नाहीच. फुगून बसले तर बसू द्या.