मनगटातून अँजिओप्लास्टी, आणि नाडी लागत नाही

प्रश्न : वडिलांची दहा दिवसांपूर्वी उजव्या मनगटातून अँजिओप्लास्टी झाली. आता तिथे नाडी लागत नाही, अंगठ्याला मुंग्या येतात. हाताला धोका आहे का?

उत्तर : बहुधा नाही. अंगठ्याकडची रेडियल धमनी गुठळीने बंद झाली असावी. आत घातलेली नळी धमनीच्या मानाने जाड असली, हेपारिन (गुठळी होऊ न देणारं औषध) कमी पडलं किंवा नंतर रक्त थांबवायला बांधलेला पट्टा फार घट्ट आणि फार वेळ राहिला, की असं होतं. करंगळीकडची अल्नार धमनी तळव्यातल्या कमानीतून पंजाला रक्त पुरवते, म्हणून बोटं सहसा शाबूत राहतात. तरी एक-दोन दिवसांत दाखवून डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून घ्या. (नाडी लागली म्हणजे धमनी उघडी, असंही नसतं बरं का, कमानीतून उलटं आलेलं रक्तही ठोके देतं.) मुंग्या बहुतेकदा सुजेने मज्जातंतू दुखावल्याच्या.

बोटं गार, पांढरी पडली, किंवा कोपराखालचा हात फुगून टणक झाला आणि बोटं सरळ करताना असह्य कळ आली, तर लगेच रुग्णालय गाठा. अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल ही गुठळी रोखणारी औषधं मात्र आपल्या मनाने थांबवू नका. स्टेंट (हृदयाची धमनी उघडी ठेवणारी जाळी) बंद पडू शकतो. पुढे डायलिसिसचा फिस्टुला (हातातली धमनी आणि शीर यांची जोडणी) किंवा बायपास ठरला, तर या धमनीबद्दल आधी सांगा, कारण त्यासाठी हीच धमनी वापरली जाऊ शकते.