बाल कल्याण समितीत चार महिने उलटले तर मूल आपोआप घरी येतं का?

नाही येत. तुम्ही लिहिलंय की भाच्याला समितीसमोर (सांभाळाची गरज असलेल्या मुलांनी कुठे राहायचं ते ठरवणाऱ्या) हजर करून चार महिने होऊन गेले, नुसत्या तारखा पडताहेत, तर आता कायद्याने तो तुमच्या ताब्यात यायला हवा ना? हाच समज आमच्या घरातही होता, आणि त्या भरवशावर मला गप्प बसायला सांगणारेही होते. म्हणून लिहायला बसले.

2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 36 असं आहे: सामाजिक तपासणी, म्हणजे मुलाच्या घरच्या परिस्थितीची चौकशी, 15 दिवसांत पुरी व्हावी, म्हणजे मूल पहिल्यांदा हजर केल्यापासून 4 महिन्यांत समितीला अंतिम आदेश देता येईल. मुदत टळली की मूल नातेवाइकांना द्या, असं त्यात कुठेही नाही. लोक गल्लत करतात ती बाल न्याय मंडळाशी. गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांची चौकशी मंडळापुढे चालते. तिथेही 4 महिने, कारण नोंदवून फार तर आणखी 2, आणि किरकोळ गुन्ह्याचं प्रकरण त्यापुढेही रेंगाळलं तर ते बंदच होतं. तुमच्या भाच्यावर आरोप नाही, त्यामुळे ती तरतूद त्याच्या कामाची नाही.

मी इंदूरची, सुदामा नगरात राहते. भाऊ दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला होता, जिल्ह्याचं नाव मुद्दामच लिहीत नाही. वहिनी गेली आणि त्याची दारू वाढली. कोणीतरी 1098 ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला, फोन केला, आणि फार बरं केलं. सहा वर्षांची भाची समितीसमोर हजर झाली आणि तिथून बालगृहात गेली. मी आणि आमच्या ह्यांनी 'योग्य व्यक्ती' म्हणून तिला सांभाळायचा अर्ज दिला. भावाने हरकत नसल्याचं लिहून दिलं. भांडण कोणाशीच नव्हतं, तरी पेश्या, म्हणजे सुनावणीच्या तारखा, सुरू झाल्या.

आधी तपासणीचा अहवाल आला नव्हता. मग अहवाल आला तर दोनच सदस्य हजर, आणि अंतिम आदेशाच्या वेळी निदान तीन सदस्य लागतात. मग कळलं की आम्ही इंदूरला राहतो, म्हणून इथल्या बाल संरक्षण युनिटने घरी येऊन अहवाल द्यायचा आहे, आणि तो आलेला नाही. सरवटे स्टँडवरून पहाटेची बस धरायची, दुपारपर्यंत बाकावर बसायचं, नवी तारीख घेऊन परत. इकडे आम्ही रोज घर आवरून वाट बघतोय, कोणी फिरकत नाही.

माझे मोठे दीर, आम्ही त्यांना दादा म्हणतो, दिवाणी कोर्टात रीडर, म्हणजे न्यायाधीशांच्या फायली सांभाळणारे कर्मचारी, होते. निवृत्त झालेत, पण घरात कोर्टाचा शब्द त्यांचाच. ते म्हणायचे, "अगं, तारीख पडायचीच. मुदत संपली की त्यांना मुलगी द्यावीच लागेल. तू अर्जबिर्ज देऊन सदस्यांना चिडवू नकोस." जमिनीच्या दाव्यात हे चालत असेल. तारीख वाढली तरी जमीन जागेवर असते. सहा वर्षांच्या पोरीची तारीख वाढली की शाळेचा प्रवेश हुकतो, आणि त्याहून वाईट म्हणजे तिचा आपल्यावरचा भरवसा जातो. सुरुवातीच्या पेश्यांना ती कपड्यांची पिशवी भरून यायची. पुढे तिने पिशवी भरणं सोडलं. बालगृहातल्या दीदींना तिने विचारलं होतं, आत्याला मी नको आहे का? तिच्या लेखी तारीख समिती देत नव्हती, आत्या देत होती. हे दादांना मी आजवर समजावू शकलेले नाही.

पुढच्या पेशीला 'इंदूरचा अहवाल अप्राप्त' हेच ऐकल्यावर मी बाबूंना विचारलं, पत्र कधी गेलं, जावक नंबर सांगा. रजिस्टर उघडलं. नंबर नव्हता. पत्र टाईप झालेलं, सही झालेली, आणि फाईलमध्येच लावलेलं! इंदूरला ते पोचलंच नव्हतं, तर इथून येणार कोण? मी आवाज चढवला नाही. तिथेच कागद मागून हिंदीत आवेदन लिहिलं: पत्र आजच पाठवावं, एक प्रत माझ्या हाती द्यावी, मूल हजर केल्याची तारीख अमुक असून 4 महिन्यांची मुदत अमुक दिवशी संपते याची नोंद घ्यावी, आणि आजची पेशी कशामुळे वाढली ते ऑर्डर शीटवर लिहावं. माझ्याकडच्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घेतला, मगच उठले. सदस्य चिडले? अजिबात नाही. अध्यक्षबाईंनी वाचलं आणि बाबूंना आत बोलावलं, एवढंच.

मग इंदूरच्या युनिटची माणसं लगेच आली. नीट काम केलं त्यांनी. मुलगी कुठे झोपेल, शाळा कोणती, घरात आणखी कोण, सासूबाईंना काय वाटतं, शेजारच्या काकूंनाही विचारलं. अहवाल गेला, पुढच्या पेशीला तीन सदस्य होते, आदेश झाला. दादांचं म्हणणं, आदेश व्हायचाच होता, तुझ्या अर्जाने काही झालं नाही. मी म्हणते, जावक नंबर विचारला नसता तर ते पत्र अजून त्याच फाईलमध्ये असतं.

तेव्हा तुम्हीही तोंडी तारीख घेऊन परतू नका. कशासाठी अडलंय ते नेमकं विचारा: अहवाल, सदस्य, की दुसऱ्या जिल्ह्याचा कागद. मग त्याच मुद्द्याचा अर्ज द्या आणि प्रत कलेक्टरांना पाठवा. ही चुगली नव्हे. दर तिमाहीला प्रलंबित प्रकरणांचा अहवाल समितीने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे कलेक्टरांनाच, द्यायचाच असतो. त्यांनी सुधारणा करायला सांगूनही 3 महिन्यांत फरक पडला नाही, तर राज्य सरकारने ती समिती बरखास्त करून नवी नेमायची असते. मुदतीचा धाक कायद्याने समितीलाच घातलाय. पण तुमचं प्रकरण त्या आकड्यात दडून राहिलं तर तो धाक भाच्याच्या उपयोगी कसा पडणार?

तुमचा दुसरा प्रश्न, घरात लग्न आहे म्हणून आपणच तारीख पुढे मागावी का. मागता येते. मागू नका. निदान एकाने तरी जाऊन उभं राहा.

हे सांगायलाच हवं की आमच्याकडे विरोध करणारं कोणी नव्हतं. तुमच्याकडे मुलाचे वडील ताबा मागत असतील, किंवा मारहाणीची तक्रार असेल, तर समितीने वेळ घेणं मुलाच्या भल्याचंही असू शकतं, तिथे घाई लावू नका. आदेश विरुद्ध गेला तर अपील 30 दिवसांत. वकील लागलाच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईला आणि मुलाला उत्पन्न न बघता मोफत मिळतो, म्हणून अर्ज तुमच्या बहिणीच्या किंवा बायकोच्या नावाने द्या. आणखी एक, मूल अनाथ किंवा टाकून दिलेलं म्हणून नोंदलं गेलं असेल तर अजिबात ढिलाई नको. तिथे दत्तकासाठी मोकळं जाहीर करायची मुदत असते, दोन वर्षांपर्यंतच्या मुलाला 2 महिने आणि मोठ्याला 4. नातेवाईक आहोत हे त्याआधी कागदावर यायला हवं.

भाच्याला भेटू देतात की नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही. देत नसतील तर भेटीचा अर्ज वेगळा द्या आणि आजच द्या. मुख्य प्रकरणाच्या तारखेला तो जोडला तर तोही तिच्याबरोबर पुढे ढकलला जाईल.