गंजाचं बघू हो, आधी तुमच्या पॉलिसीवरची तारीख बघा

गुहागरहून एका वाचकाचं पत्र आलंय. घर समुद्रापासून पाच मिनिटांवर, रोज चिपळूणला नोकरीला जाऊन येऊन. २० महिन्यांपूर्वी नवी हॅचबॅक घेतली, ऑन रोड साडेनऊ लाख, त्यातले ८ लाख कर्ज, ७ वर्षं, साडेनऊ टक्के. आता मागच्या चाकाच्या कमानीवर रंगाला फोड आलाय. सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो अँटी रस्ट पॅकेज करून घ्या, ३४ हजार, पाच वर्षांची वॉरंटी, फक्त दरवर्षी २ हजार देऊन तपासणी आमच्याकडेच करायची. यांचा प्रश्न असा की १ लाख २० हजारांची एफडी आहे ती मोडून पॅकेज घ्यावं, की घरच्या घरी काही करता येईल? आणि पुढे लिहितात, "बाकी काळजी नाही, इन्शुरन्स तीन वर्षांचा आहे आणि कर्जालाही सुरक्षा पॉलिसी घेतलीय, शिवाय गंज नसला की विकताना लाख-दीड लाख जास्त मिळतील." सोबत फोडाचा आणि पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवलाय.

दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, पॅकेज घेऊ नका. पण ते पहिलं पान मी मोठं करून बघितलं आणि मला खरंच धडकी भरली, म्हणून आधी ते.

त्या पानावर मुदतीच्या दोन ओळी आहेत, एकाखाली एक. लायबिलिटीसमोर, म्हणजे थर्ड पार्टीसमोर, तीन वर्षांची मुदत आहे, ती चालू आहे. ओन डॅमेजसमोर एकच वर्ष आहे आणि ते संपून आठ महिने झालेत. सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो, तो तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्या दुसऱ्यासाठी. तुमची स्वतःची गाडी ठोकली, चोरीला गेली, पाण्यात गेली, वर माड पडला, तर ते बघणारा भाग, म्हणजे ओन डॅमेज, एका वर्षाचा होता. शोरूममध्ये "तीन वर्षं बघायला नको" असं सांगून चावी हातात दिली असणार, आणि हे सांगणाऱ्यांची मला मनापासून चीड आहे कारण अर्धं वाक्य खरं असल्यामुळे माणूस कागद उघडून बघतच नाही.

म्हणजे गेले आठ महिने तुम्ही स्वतःच्या गाडीच्या विम्याशिवाय गाडी चालवताय, आणि तीही कुठे, तर गुहागर-चिपळूण. २२ जुलै २०२१ तुम्हाला मी काय सांगायचं, वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत पुरुषभराच्या वर होतं आणि उभ्या गाड्या चिखलात गेल्या. त्याच्या आदल्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ, दापोली-मंडणगडकडे किती झाडं पडली ते आठवा. हिशोब असा की तुमचा हप्ता १३ हजारांच्या आसपास, २० हप्ते भरूनही साडेसहा लाख अजून बाकी आहेत. उद्या गाडी गेली तर गाडी नाही, कंपनीकडून एक रुपया नाही, आणि पुढची पाच वर्षं चार महिने १३ हजार चालूच. हाताशी काय, तर १ लाख २० हजारांची एफडी, आणि तीच तुम्ही मोडायला निघालात.

"कर्ज सुरक्षा" पॉलिसीचं तुम्ही जे समजलात तसं ते नाहीये. ती कर्जदाराचं काही बरंवाईट झालं तर कर्ज फेडते, गाडीचं काही झालं तर नाही. तिचे २८ हजार कर्जातच घातलेत असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे सात वर्षांत त्याचे व्याजासकट ३८ हजार होणार. विकणाऱ्याने ती गाडीची सुरक्षा वाटेल अशीच सांगितली असेल. आता घेतलीच आहे तर असू दे, नॉमिनीचं नाव बरोबर आहे का तेवढं बघून घ्या.

आता काय करायचं. आजच, म्हणजे हे वाचून झाल्यावर लगेच, फक्त ओन डॅमेजची वेगळी पॉलिसी घ्या. सप्टेंबर २०१९ पासून ती स्वतंत्र मिळते, थर्ड पार्टी ज्या कंपनीची आहे त्याच कंपनीची घ्यायला पाहिजे असं नाही, तीन-चार ठिकाणी कोटेशन काढा. मधे खंड पडलाय म्हणून गाडीची तपासणी होईल, नाहीतर फोटो-व्हिडिओ मागतील, तो चाकावरचा फोड लपवू नका, दिसू दे. पहिलं वर्ष क्लेम नसेल तर २० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे प्रीमियममध्ये सूट, मिळाला असता, पण मुदत संपल्यावर ९० दिवसांत रिन्यू केलं नाही की तो जातो, तुमचा गेला. आयडीव्ही बघा, म्हणजे गाडी पूर्ण गेली तर कंपनी जी रक्कम धरते ती, दुसरं वर्ष चालू असलेल्या गाडीला किमतीतून २० टक्के घसारा, तुमची एक्स शोरूम ८ लाख २० हजार म्हणजे साडेसहा लाखांच्या आसपास यायला हवी. प्रीमियम कमी दिसावा म्हणून कोणी पाच लाखांवर आणत असेल तर नको म्हणा, तुमचं कर्जच साडेसहा आहे. झीरो डेप, म्हणजे पार्टच्या पैशातून घसारा न कापणारी जोड, घ्या, नाहीतर बंपरसारख्या प्लास्टिकच्या पार्टला निम्मे पैसे तुमच्या खिशातून जातात. आणि तुमच्या भागात इंजिन प्रोटेक्ट घ्याच घ्या, कारण पाण्यात बंद पडलेली गाडी चालू करायला गेलं आणि इंजिनात पाणी ओढलं गेलं तर साधी पॉलिसी ते देत नाही. (पाण्यात बंद पडली तर स्टार्टर मारूच नका, ढकलून बाहेर काढा, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.) सगळं मिळून १५ हजारांच्या आसपास धरा, कंपनीप्रमाणे इकडेतिकडे होईल. पॅकेजच्या ३४ हजारांत दोन वर्षांचा विमा होतो आणि वर चार हजार उरतात.

एफडी मोडू नका. १५ हजार एका महिन्यात जड जात असतील तर सोसायटीतून किंवा घरातून हातउसने घ्या, पण पॉलिसी पुढच्या महिन्यावर टाकू नका.

आता गंज. हा कुठलाच विमा देत नाही, झीज आणि गंज मालकाच्या अंगावर, त्यामुळे इथे हाताने काम करण्याला खरोखर पैशाची किंमत आहे. ३४ हजार अधिक पाच तपासण्यांचे १० हजार, असे ४४ हजार देऊन ते करतात काय, तर खालून दिसणाऱ्या सपाट पत्र्यावर काळा थर मारतात. कारखान्यात अख्खी बॉडी ईडी कोटच्या, म्हणजे गंजरोधक प्रायमरच्या, टाकीत बुडवून काढलेली असते, ते संरक्षण आधीच आहे. गंज सुरू होतो तो दरवाजाच्या खालच्या घडीत, उंबऱ्याच्या पट्टीच्या आत, चाकाच्या कमानीच्या दुमडलेल्या कडेला, जिथे माती आणि खारं पाणी साचून राहतं, आणि तिथे तो स्प्रे पोचतच नाही. उलट घाईत मारताना पाणी निघायची भोकं बुजवली, किंवा आधीच धरलेल्या गंजावर थर चढवला, तर आतल्या आत पत्रा खात जातो आणि वरून काही दिसत नाही.

दरवाजा उघडा, खाली वाकून खालच्या कडेला बघा, दोन-तीन लांबट भोकं दिसतील. हिराच्या झाडूची एक काडी घ्या आणि हळूच आत फिरवा. तुमच्या रस्त्यावर लाल माती आहे, बहुतेक चिखलाची वडी निघेल आणि मागून पाणी ठिबकेल, ते पाणी कधीपासून आत होतं देव जाणे. चारही दरवाजे आणि डिकी, पावसाळ्यात महिन्यातून दोनदा.

धुताना गाडीचं पोट आणि चाकांच्या कमानी आतून साध्या गोड्या पाण्याने पाइप लावून धुवा, आठवड्यातून एकदा, विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते वापरू नका. मासळीच्या टेम्पोमागून आलात तर त्याच दिवशी, ते गळणारं पाणी मिठाचंच असतं. ओल्या गाडीवर प्लास्टिकचं कव्हर घालू नका, आत घाम धरतो, त्यापेक्षा उघडी वाऱ्याला बरी. मॅट उचलून खालचं कार्पेट हाताने दाबून बघा, ओलं असेल तर उन्हात वाळवा. आणि खालून जळकं ऑइल मारायची आपल्याकडची जुनी सवय आहे ती कृपा करून नको, रबरी बुश फुगतात, धूळ चिकटते, सायलेन्सरवर पडलं की धूर.

आता तो फोड, नखाएवढाच दिसतोय, कोरड्या दिवशी अर्ध्या तासाचं काम आहे. जाड पॉलिश पेपरने पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासा, फोडाच्या बाहेर बोटभर जास्तच, मग बारीक पेपर. कोपऱ्यात काळे ठिपके राहिले तर रस्ट कन्व्हर्टर (उरलेला गंज निष्क्रिय करणारं द्रावण) लावा आणि डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ थांबा. प्रायमर, तो पूर्ण वाळला की टचअपच्या बाटलीतला रंग दोन पातळ हात, वर क्लिअर कोट. रंगाचा कोड गाडीवरच्या स्टिकरवर असतो. घासताना पत्रा आत गेला किंवा भोक पडलं तर थांबा आणि डेंटिंगवाल्याकडे न्या. उंबऱ्याच्या आत मारायला लांब नळीचा कॅव्हिटी वॅक्स मिळतो, तो पावसाळ्याआधी. सगळं सामान पहिल्या वर्षी ३ हजार, पुढे हजार-दीड हजार, पाच वर्षांत ९ हजारांच्या वर जात नाही.

राहता राहिलं विकताना दीड लाख जास्त मिळायचं. घेणारा मॉडेल, किलोमीटर, सर्व्हिस रेकॉर्ड बघतो. पत्रा सडका असेल तर भाव पाडेल हे खरं, पण पॅकेजचं सर्टिफिकेट दाखवून दीड लाख वाढवून दिलेले मी आजवर बघितले नाहीत, ते आकडे हिशोबात धरू नका.

पॉलिसी आली की तिचं पहिलं पान मला पाठवा, ओन डॅमेजची तारीख, आयडीव्ही आणि इंजिन प्रोटेक्ट तिन्ही मी बघून देतो. आणि ती चालू होईपर्यंत चिपळूणात गाडी नदीकडच्या सखल भागात लावू नका, ऑफिसपासून लांब पडलं तरी चढावर लावून चालत जा.